संन्याशांचा हिरवा अर्क

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण बोटीवरची नोकरी आटोपून नाताळासाठी घरी आला. मिस्सा झाल्यावर तो सॅक्रिस्टीत मला भेटावयास आला, तेव्हा त्याच्या हाती कागदात गुंडाळलेली एक बाटली होती. मार्सेय बंदरात घेतलेली. मी कपाळाला आठी घालीन हे त्याने आधीच ताडले असावे, कारण बाटली टेबलावर ठेवता ठेवता तो म्हणाला, "फादर, ही दारू नाही. संन्याशांनी केलेली आहे."

मी बाटली उजेडात धरली. आतला द्रव कोवळ्या पोपटी रंगाचा. काचेवर पृथ्वीचा गोल, त्यावर क्रूस आणि भोवती सात तारे. खाली छापील कागदावर मद्यार्काचे प्रमाण दिलेले, शेकडा ५५. आपल्याकडच्या सर्वसाधारण व्हिस्की-ब्रँडीपेक्षा ते कितीतरी अधिक!

वेदीवरची फुले बदलण्यासाठी आलेल्या एक मावशी तेथेच उभ्या होत्या. त्यांच्या यजमानांना मीच मातीआड केले होते. हातभट्टीच्या दारूने त्यांचे यकृत निकामी केले, आणि मरणाआधी काही वर्षे त्या घराने जे सोसले ते साऱ्या आळीला ठाऊक आहे. मावशींनी बाटलीकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "साधुसंतांनी दारू का गाळावी, फादर?"

मला उत्तर देता आले नाही. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना संत ब्रुनो आणि त्यांचा कार्थूशियन संघ एका परिच्छेदात उरकला होता. त्या परिच्छेदात भट्टीचा उल्लेख नव्हता. त्यानंतर मी जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक साधा भेद ध्यानी घ्यावयास हवा. द्राक्षांचा रस आंबला की त्यातील साखरेचा मद्यार्क बनतो. पण हे काम करणारे किण्व स्वतःच त्या मद्यार्काने मरते, आणि साधारण शेकडा चौदा-पंधराच्या पुढे मजल जात नाही. काना गावच्या लग्नातील द्राक्षारस असो की वेदीवरचा, तो या जातीचा. आमचा कायदाही तेवढाच मानतो : ख्रिस्तयागासाठी द्राक्षारस वेलीच्या फळाचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा लागतो. त्याच द्राक्षारसाची ब्रँडी केली, तर ती वेदीवर चालत नाही.

ब्रँडी होते ती ऊर्ध्वपातनाने. पाणी शंभर अंशांवर उकळते, मद्यार्क सुमारे अठ्ठ्याहत्तर अंशांवर. म्हणून मंद आचेवर द्राक्षारस तापवला की वाफेत मद्यार्काचा अंश अधिक येतो. ती वाफ नळीतून नेऊन थंड केली की पुन्हा थेंब होतात. आपल्या घरातील ओव्याचा अर्क आणि लग्नात शिंपडले जाणारे गुलाबपाणी यांची रीत याहून निराळी नाही. ही विद्या कोठे जन्मली याविषयी अद्याप वाद आहे. तक्षशिला आणि चारसद्दा येथील उत्खननात सापडलेली मातीची भांडी पाहून पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये असा तर्क मांडला, की ऊर्ध्वपातनाचे आद्य घर भारतच असू शकेल. युरोपला मात्र ती विद्या अरबांच्या हातून मिळाली. भट्टीच्या भांड्याला युरोपीय भाषांत जो 'अलेंबिक' शब्द आहे, तो अरबी 'अल्-अंबीक'. 'अल्कोहोल' हा शब्दही अरबीच. मूळ अर्थ डोळ्यांत घालावयाचा बारीक सुरमा. जे सूक्ष्म करून काढले, ते अल्कोहोल.

बाराव्या शतकात इटलीतील सालेर्नो येथील वैद्यांना द्राक्षारसाचा अर्क काढता येऊ लागला. तेराव्या शतकात बोलोन्याचे वैद्य ताद्देओ आल्देरोत्ती यांनी नळी वेटोळी करून ती पाण्यात गार ठेवण्याची युक्ती लिहून ठेवली. तोवर ही वस्तू पेय नव्हती, औषध होते. चमच्याने मोजून घ्यावयाचे. तिला नाव मिळाले 'आक्वा व्हीटे', म्हणजे जीवनजल. पुढे जो तो देश हेच नाव आपल्या भाषेत वळवून घेत गेला. फ्रेंचांचे 'ओ द व्ही', उत्तरेकडच्या लोकांचे 'आक्वाव्हिट', स्कॉटलंड-आयर्लंडच्या गेलिक भाषेतील 'उश्के बाहा'. या शेवटच्या शब्दाची शेपटी तुटून 'व्हिस्की' उरली. व्होडका म्हणजे रशियन भाषेत 'पाणुले'. ब्रँडी तेवढी प्रामाणिक. तिच्या मूळ डच शब्दाचा अर्थ 'जाळलेला द्राक्षारस'. ज्या वस्तूने असंख्य घरांचे जीवन आटवले तिचे बारशाचे नाव जीवनजल असावे, हा भाषेचा दैवदुर्विलास म्हणावयाचा.

या जीवनजलाच्या मागे लागलेल्यांत एक विलक्षण माणूस होता. योहान्नेस दे रूपेशिसा हे फ्रान्सिस्कन संन्यासी. जगाचा अंत जवळ आला असे ते सांगत, आणि त्यापायी आव्हिन्यो येथे पोपमहाशयांच्या तुरुंगात पडले होते. तेथे चौदाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यांचा तर्क असा : मांस उघड्यावर ठेवले तर सडते, द्राक्षारसाच्या अर्कात ठेवले तर सडत नाही. म्हणजे या अर्कात पंचमहाभूतांपलीकडचे, स्वर्गीय जातीचे काहीतरी असले पाहिजे. (पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात महाभूते चारच, त्यांचे पाचवे तत्त्व म्हणजे आपल्या हिशेबी सहावे!) ख्रिस्तविरोधकाचा काळ येईल तेव्हा श्रद्धावंतांची शरीरे धट्टीकट्टी राहावीत, म्हणून हे औषध त्यांच्या हाती असावे, अशी त्यांची तळमळ. आज आपण हसू, पण औषधी वनस्पतींचे सत्त्व मद्यार्कात उतरते ही त्यांनी पुढे नेलेली कल्पना औषधशास्त्राने सोडलेली नाही. आपल्या कपाटातील कितीतरी टिंक्चरे त्याच वंशातील आहेत.

मठांनी ही विद्या उचलली याचे नवल नाही. मठात आजाऱ्यांसाठी दालन असे, त्याच्या शेजारी औषधी झाडांची बाग असे, लॅटिन हस्तलिखिते वाचणारे डोळे असत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घाई नसे. मंद आच राखणे हे घाईच्या माणसाचे काम नव्हे. स्कॉटलंडच्या राजदरबारी हिशेबवहीत १४९४ साली बंधू जॉन कॉर यांना राजाज्ञेने जीवनजल करण्यासाठी आठ 'बोल' माल्ट दिल्याची नोंद आहे. आठ बोल म्हणजे आजच्या मापाने सुमारे अर्धा टन. स्कॉच व्हिस्कीचा हा पहिला लेखी पुरावा मानतात. (अर्धा टन माल्टचे औषध! राजवाड्यात इतके आजारी कोण होते, हे वहीत लिहिलेले नाही.) पॅरिसच्या कार्मेलाइट संन्याशांचे मेलिसा-पाणी सतराव्या शतकापासून प्रसिद्ध होते. मेलिसा ही पुदिन्याच्या कुळातील, लिंबाच्या वासाची वनस्पती. पुढे मारिया क्लेमेंटीने मार्टिन या धर्मभगिनीने, मठ बंद पडल्यावर, कलोन शहरी १८२६ मध्ये तसाच अर्क स्वतः गाळून विकावयास काढला. तो अद्याप जर्मनीतील औषधांच्या दुकानांत मिळतो.

आता आपल्या बाटलीकडे वळू.

संत ब्रुनो कलोनचे. फ्रान्समधील रँस येथे नामांकित अध्यापक होते. १०८४ मध्ये सहा सोबत्यांसह ते ग्रनोब्लचे बिशप ह्यूग यांच्याकडे गेले आणि एकांतासाठी जागा मागितली. त्याआधी बिशपांना स्वप्नात सात तारे दिसले होते, अशी परंपरा आहे. बाटलीवरचे सात तारे ते हेच. बिशपांनी त्यांना आल्प्स पर्वताच्या शार्त्रूझ नावाच्या खोऱ्यात नेले. हिवाळ्यात तेथे बर्फामुळे वाट उरत नाही. सहाच वर्षांत ब्रुनोंना रोमला जावे लागले, कारण त्यांचाच एक विद्यार्थी दुसरा अर्बन या नावाने पोप झाला होता व त्याला गुरूचा सल्ला हवा होता. ब्रुनो शार्त्रूझला परतले नाहीत. ११०१ मध्ये दक्षिण इटलीत त्यांनी देह ठेवला. इकडे ११३२ मध्ये हिमकडा कोसळून मठ गाडला गेला, सात संन्यासी गेले. उरलेल्यांनी थोडे खाली सरकून पुन्हा बांधले. त्यानंतर कैक वेळा आग लागली. आजची वास्तू १६७६ च्या आगीनंतरची.

या संघाचे जीवन फार कठोर. प्रत्येक संन्याशाला स्वतःची कुटी, कुटीला लागून छोटी बाग. जेवण भिंतीतील खिडकीतून आत येते. मांस नाही. मध्यरात्रीच्या सुमारास उठून सारे काळोख्या देवळात जमतात आणि दोन-तीन तास स्तोत्रे गातात. आठवड्यातून एकदा डोंगरात फिरावयास जातात, तेव्हा बोलावयाची मुभा. जर्मन दिग्दर्शक फिलिप ग्र्योनिंग यांनी १९८४ मध्ये चित्रपटासाठी परवानगी मागितली, तेव्हा संन्यासी म्हणाले, आताच नको. होकार आला तो सुमारे सोळा वर्षांनी. २००५ साली तो चित्रपट लोकांपुढे आला. पावणेतीन तासांत संवाद जवळजवळ नाहीतच.

अशा लोकांच्या हाती मद्याची कृती आली, तीही न मागता. १६०५ मध्ये मार्शल देस्त्रे या सरदाराने पॅरिसजवळच्या कार्थूशियन मठाला एक हस्तलिखित दिले. दीर्घायुष्याच्या अर्काची ती कृती होती. ते त्याला कोठे मिळाले, कोणी लिहिले, हे कोणालाच ठाऊक नाही. कृती इतकी गुंतागुंतीची की शंभराहून अधिक वर्षे पॅरिसच्या मठाला तिचा थोडाच भाग वापरता आला. मग ते बाड शार्त्रूझच्या मुख्य मठाकडे गेले. तेथे बंधू जेरोम मोबेक यांनी १७३७ च्या सुमारास ते मनावर घेतले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर बंधू आंत्वान यांनी १७६४ मध्ये काम तडीस नेले. झाला तो 'वनस्पतींचा अर्क'. मद्यार्क शेकडा ६९. साखरेच्या खड्यावर दोन-चार थेंब घालून घ्यावयाचा. बंधू शार्ल खेचरावर बाटल्या लादून ग्रनोब्ल आणि शांबेरीच्या बाजारात जात. लोकांना चव आवडली, ते औषधाच्या मात्रेपेक्षा अधिक घेऊ लागले, आणि तेव्हा संन्याशांनी थोडी सौम्य अशी हिरवी शार्त्रूझ केली. ती आपली शेकडा ५५ वाली. जिला सौम्य म्हटले ती ही! तिसरी, पिवळी, १८३८ ची. ती अधिक गोड आणि अधिक मवाळ.

मद्यार्कात वनस्पती मुरवून, गाळून, साखर घातली की जे होते त्याला लिक्युर म्हणतात. शार्त्रूझमध्ये १३० वनस्पती आहेत, एवढे संन्यासी सांगतात. त्या कोणत्या, किती, कोणत्या क्रमाने, हे सांगत नाहीत. हिरवा रंग त्या झाडपाल्याचाच, वरून घातलेला नाही.

येथवर ही एका औषधाची गोष्ट होती. तिला उपजीविकेचे रूप आले ते फ्रेंच राज्यक्रांतीमुळे. त्यापूर्वी मठाला रान होते, गुरे होती, लोखंडाच्या खाणी आणि भट्ट्या होत्या. १७८९ नंतर सारे सरकारजमा झाले आणि १७९३ मध्ये संन्यासी पांगले. हस्तलिखिताची एक प्रत एकाजवळ मठातच राहिली, मूळ प्रत दुसऱ्याने सोबत घेतली. तो बोर्दो येथे पकडला गेला, पण झडती झाली नाही म्हणा की नीट झाली नाही म्हणा, कागद त्याने तुरुंगातून गुपचूप बाहेर धाडले. हिंडत फिरत ते लिओतार नावाच्या ग्रनोब्लच्या औषधविक्रेत्याच्या हाती पडले. त्याला ती कृती कधी साधली नाही. १८१० मध्ये नेपोलियनच्या सरकारने हुकूम काढला की सर्व गुप्त औषधांच्या कृती मंत्रालयात सादर कराव्यात. लिओतारने इमानाने पाठविली. मंत्रालयाने शेरा मारून परत केली : नामंजूर. सरकारी कचेरीच्या अनास्थेला मी आयुष्यात फार वेळा दूषणे दिली आहेत, पण या एका शेऱ्याबद्दल कार्थूशियनांनी त्या कारकुनाचे आभारच मानावयास हवेत. लिओतारच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांनी हस्तलिखित मठाला परत दिले.

१८१६ मध्ये संन्यासी परतले खरे, परंतु मठ आता सरकारचा आणि ते भाडेकरू. रान गेले, खाणी गेल्या. डोक्यात उरली होती ती अर्काची कृती. म्हणून एकोणिसाव्या शतकात शार्त्रूझचा धंदा वाढला, तो मुद्दाम नव्हे तर निरुपायाने. मठाच्या शांततेला धक्का लागू नये म्हणून १८६० च्या दशकात डोंगराखाली फूर्वारी येथे निराळी भट्टी उभारली. मिळकतीतून भोवतालच्या गावांत देवळे, शाळा, इस्पितळे उभी राहिली. टीका करणारे तेव्हाही होतेच. मद्य विकून बांधलेल्या देवळात प्रार्थना कशी करावी, हा प्रश्न मावशींच्याही आधी विचारला गेला आहे.

आणि मग १९०३ साल उजाडले. फ्रान्समध्ये धर्मसंघांविरुद्ध वारे जोरात वाहत होते. १९०१ च्या कायद्याने प्रत्येक संघाला सरकारची अनुमती आवश्यक झाली, आणि कार्थूशियनांना ती नाकारण्यात आली. २९ एप्रिल १९०३ रोजी सैनिकांनी मठाची दारे फोडली आणि प्रार्थनेला बसलेल्या संन्याशांना बाहेर काढले. मुख्य मठ इटलीत लुक्काजवळ फार्नेता येथे गेला. भट्टी स्पेनमधील तारागोना बंदरी. फ्रेंच सरकारने मठाची मालमत्ता जप्त करून लिलावात काढली, आणि तिच्यासोबत 'शार्त्रूझ' हे नाव आणि बाटलीवरची खूणही. नव्या कंपनीने फूर्वारीच्या त्याच भट्टीत, त्याच बाटल्यांत, त्याच नावाने काहीतरी हिरवे भरून विकावयास आरंभ केला. नाव त्यांचे झाले होते, कृती झाली नव्हती. संन्याशांजवळ कृती होती आणि स्वतःचे नाव लावण्याचा अधिकार उरला नव्हता. त्यांनी बाटलीवर छापले की हे लिक्युर तारागोना येथे कार्थूशियन पाद्र्यांनी केलेले आहे. फ्रान्समधील जाणकार दुकानात जाऊन 'एक तारागोना द्या' म्हणू लागले.

ज्यांनी बोलणे सोडले होते, त्यांना न्यायालयात बोलावे लागले. इंग्लंडमध्ये १९१० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने आणि अमेरिकेत १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की फ्रान्सच्या कायद्याने फ्रान्समधील मालमत्ता जाईल, परंतु परदेशात या नावाला जी पत आहे ती संन्याशांच्या कसबाची आहे, ती त्यांच्याकडेच राहील. व्यापारी खुणांच्या कायद्यात या दोन्ही निकालांचा दाखला दिला जातो. एकांतवासी संन्याशांनी व्यापाराच्या कायद्यात भर घालावी, हे इतिहासालाच सुचू जाणे.

नक्कल करणारी कंपनी १९२९ मध्ये बुडाली. तिचे कवडीमोल झालेले समभाग व्हॉयराँ गावच्या काही व्यापाऱ्यांनी विकत घेतले आणि संन्याशांना भेट म्हणून देऊन टाकले. सव्वीस वर्षांनी स्वतःचे नाव परत मिळाले, तेही शेजाऱ्यांच्या औदार्याने! फूर्वारीची भट्टी पुन्हा सुरू झाली, पण १९३५ च्या नोव्हेंबरात दरड कोसळून ती जमीनदोस्त झाली. मग व्हॉयराँत नवी. मठात संन्याशांचे पाऊल पुन्हा पडले ते १९४० मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत. तारागोनाची भट्टी १९८९ पर्यंत चालली. पुढे शहरवस्तीत इतका मद्यार्क साठवणे सुरक्षिततेच्या नियमांत बसेना, म्हणून २०१८ पासून काम एग्नुआर या खेड्यातील भट्टीत हलले. बाटल्या भरणे, विकणे हे एक कंपनी पाहते. वनस्पती मात्र आजही मठात दोन-तीन संन्यासीच निवडतात, मिसळतात आणि पोत्यांत भरून खाली धाडतात. पूर्ण कृती तेवढ्यांनाच ठाऊक.

येथे एक खुलासा करावा लागेल, कारण परदेशी दुकानांच्या फळीवर संन्याशांच्या नावाने बरेच काही मांडलेले असते. बेनेदिक्तीन या लिक्युरच्या बाटलीवर 'सर्वोत्तम, सर्वश्रेष्ठ देवाला' या लॅटिन अर्पणाची तीन आद्याक्षरे असतात. फेकाँ गावच्या मठात १५१० मध्ये एका बेनेदिक्तिन संन्याशाने ते शोधले, अशी तिची कथा. प्रत्यक्षात ते १८६३ मध्ये आलेक्सांद्र ल ग्रां या द्राक्षारसाच्या व्यापाऱ्याने तयार केले. मठ तर क्रांतीतच बंद पडला होता. जुन्या पुस्तकात कृती सापडल्याचे त्याने सांगितले, आणि त्या यशावर राजवाड्यासारखा कारखाना उभारला. पेय चांगले असेल. मी त्याचा परीक्षक नव्हे. पण जपमाळेची जाहिरात करणे आणि जपमाळ ओढणे यांत अंतर आहे.

आपल्याकडचा धागा शोधावयाचा तर गोव्यात जावे. ब्राझीलमधील काजूचे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणले. माडाच्या ताडीपासून फेणी काढण्याची रीत तेथे होतीच. तिच्यात काजूच्या बोंडूंचा रस पडला. मार्च-एप्रिलात बोंडू खडकातील कुंडात तुडवतात, रस आंबवतात आणि चुलीवरच्या भांड्यात गाळतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. शार्त्रूझप्रमाणे फेणीही घरातील औषधाच्या बाटलीत आधी आणि प्याल्यात नंतर गेली. सर्दीला, पोटदुखीला, दुदशिरीची मुळे घालून अंगातील उष्णतेला. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक निर्देशन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा शासनाने तिला वारसा मद्य ठरवले.

उत्तर कोकणाची कहाणी मात्र निराळ्या वळणाने गेली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून गाळप सरकारच्या मक्त्याखाली आणले. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. उद्देश काही असो, भट्टी गेली नाही. ती खाडीच्या झाडीत आणि मिठागरांच्या आडोशाला लपली. जी वस्तू दहा माणसांच्या देखत गाळली जात होती, ती रात्री, नवसागर घालून, गंजक्या पिंपात गाळली जाऊ लागली. काही ठिकाणी तर गाळण्याचेही कष्ट उरले नाहीत. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली, ती कारखान्यात वापरावयाच्या विषारी मिथेनॉलने. मावशींचे यजमान प्याले ते याच बाजूचे. त्या दारूला नाव नव्हते, आणि तिच्यासाठी न्यायालयात उभा राहणारा कोणी धनीही नव्हता.

तरीही शेकडा ५५ हे शेकडा ५५ च. हिरव्या रंगाने आणि क्रूसाच्या खुणेने यकृताला काही फरक पडत नाही. संत बेनेदिक्त यांनी आपल्या नियमावलीत संन्याशांना रोज ठरावीक माप द्राक्षारस घ्यावयास मुभा दिली, पण ती देताना ते किती कचरले ते त्या प्रकरणात स्पष्ट दिसते. द्राक्षारस संन्याशांसाठी नव्हेच, परंतु आजकालच्या संन्याशांना हे पटत नाही, असा त्यांचा सूर. शार्त्रूझच्या कैवाऱ्यांनी ते प्रकरण अधूनमधून वाचावे असे मला वाटते. बाजार माणसाला किती घ्यावे हे कधी सांगत नाही. ते सांगावयाचे काम विकणाऱ्यावर पडते, आणि ते करणारा विक्रेता मी तरी पाहिला नव्हता.

अलीकडे मात्र एक गोष्ट घडली. या शतकात न्यूयॉर्कपासून तोक्योपर्यंतच्या मद्यगृहांत मिश्र पेयांची चाल वाढली, त्यांत हिरव्या शार्त्रूझला फार मागणी आली. महामारीच्या काळात लोक घरीच पेये बनवू लागले आणि मागणी आणखी चढली. कोणत्याही व्यापाऱ्याने नवी भट्टी लावली असती. कार्थूशियनांनी २०२१ मध्ये ठरवले की उत्पादन वाढवावयाचे नाही. वर्षाला सुमारे सोळा लाख बाटल्या, बस्स. जगभरच्या दुकानदारांना हे नीट उमगले २०२३ च्या आरंभी, जेव्हा मालाची वाटणी होऊ लागली आणि फळ्या रिकाम्या पडल्या. संन्याशांचे म्हणणे असे की आपला पहिला धर्म एकांत आणि प्रार्थना. भट्टी त्यासाठी आहे, त्याउलट नाही. शिवाय अमर्याद उत्पादनाचा भार निसर्गावर पडतो. मठ चालण्यापुरते मिळते आहे, अधिक कशाला?

मी हे सारे एके दिवशी, फुलांचे काम आटोपल्यावर, मावशींना सांगितले. तुरुंगातून निसटलेले हस्तलिखित, फोडलेली दारे, परत मिळालेले नाव. त्या ऐकत राहिल्या. कोमेजलेली फुले त्यांनी कागदात गुंडाळली होती. शेवटी मी सांगितले की जगाने आणखी मागितले आणि ते नाही म्हणाले.

"म्हणजे, फादर," मावशी म्हणाल्या, "गाळणाऱ्याला नाही म्हणता येतं."

बाटली अजून माझ्या कपाटात आहे, न उघडलेली. तो तरुण पुढच्या नाताळाला आला की ती मी त्याला परत देईन.